गोव्याच्या मुलीला मुंबईची पोलीस आयुक्त व्हायचं असेल तर

फोंडा तालुक्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला मुंबईची पोलीस आयुक्त व्हायचं आहे. गोव्यातून हे जमण्यासारखं आहे का, आधी गोवा पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून लागून तिथून वर जाता येईल का, आणि त्या खुर्चीतल्या माणसाचं आयुष्य असतं तरी कसं, हे त्यांना जाणून घ्यायचं आहे.

मी १९८८ साली गोवा पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून लागलो आणि २०२४ मध्ये अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. आयुक्तपद गोव्यात नाहीच. पण तपासाच्या निमित्ताने मुंबईत क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या आयुक्तालयात माझं बरंच जाणं-येणं झालं. आमच्याकडे अगदी तरुण वयात आलेले काही अधिकारी पुढे मोठ्या शहरांत वरच्या जागांवर गेले, त्यांची सुरुवातही मी जवळून पाहिली. त्या बळावर हे लिहितो आहे.

आधी सरळ उत्तर. तुमची मुलगी मुंबईची आयुक्त होऊ शकते, पण गोवा पोलिसांत लागून नाही. त्यासाठी तिला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून भारतीय पोलीस सेवेत, म्हणजे आयपीएसमध्ये जावं लागेल आणि तिला महाराष्ट्र केडर, म्हणजे नोकरीसाठी नेमून दिलेलं राज्य म्हणून महाराष्ट्र, मिळावं लागेल. हा दुसरा भाग पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गोवा ज्या केडरमध्ये मोडतो त्याला एजीएमयूटी म्हणतात: अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश. २०२१ पासून जम्मू-काश्मीर आणि लडाखही त्यातच आले. या केडरचा अधिकारी आज पणजीत असेल, तीन वर्षांनी ऐजॉलला, मग दिल्ली, मग अंदमान. मुंबईच्या आयुक्तपदावर महाराष्ट्र केडरचा अधिकारी बसतो. गोव्याच्या उमेदवाराचं घरचं केडर एजीएमयूटी. तेव्हा पसंतीक्रम भरताना महाराष्ट्र वर टाकलं तरी ते मिळेल की नाही, हे तिचा क्रमांक, त्या वर्षीच्या जागा आणि वाटपाचे नियम यांवर ठरतं. हे नियमही अधूनमधून बदलतात, म्हणून फॉर्म भरायच्या वर्षी ते नव्याने वाचावे लागतील.

एजीएमयूटी मिळालं तर शहराच्या आयुक्तपदाची वाट बंद होत नाही. या केडरचं मोठं शहर म्हणजे दिल्ली. तिथे १ जुलै १९७८ पासून आयुक्तालय आहे. गोव्याचे पोलीस महासंचालक राहिलेले भीमसेन बस्सी २०१३ ते २०१६ या काळात दिल्लीचे आयुक्त होते. अर्थात तिथेही हक्काचं काही नाही. २०२१ मध्ये गुजरात केडरचे राकेश अस्थाना आणि २०२२ मध्ये तमिळनाडू केडरचे संजय अरोरा यांना सरकारने बाहेरून आणून दिल्लीचं आयुक्तपद दिलं.

आता गोवा पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून लागण्याविषयी. ही नोकरी चांगली आहे आणि मी ती मनापासून केली. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, कोकणीचं ज्ञान, शारीरिक चाचणी, मग वाळपईच्या पोलीस प्रशिक्षण विद्यालयातलं प्रशिक्षण. पण उपनिरीक्षकाचा निरीक्षक व्हायला, निरीक्षकाचा उपअधीक्षक व्हायला वर्षंच्या वर्षं जातात. राज्य पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यांना बढतीने आयपीएसमध्ये घेण्याची तरतूद आहे, त्यासाठी उपअधीक्षक पातळीवर आठ वर्षांची सेवा लागते. गोव्यातल्या काहींना ती संधी मिळालीही. पण तोवर केस पांढरे होतात, आणि आयुक्ताच्या खुर्चीपर्यंत जायला लागणारी वर्षं हातात उरत नाहीत. तिचं ध्येय खरंच आयुक्तपद असेल तर ही वाट धरू नये. ध्येय पोलीसकाम असेल तर जरूर धरावी. हा फरक तिने स्वतःला नीट विचारून घ्यावा, कारण दोन्ही गोष्टी एक नाहीत.

वर्षांचं गणित साधारण असं बसतं. खुल्या गटाला २१ ते ३२ वयापर्यंत सहा वेळा परीक्षा देता येते, इतर मागासवर्गीयांना ३५ वयापर्यंत नऊ वेळा. आयपीएससाठी मुलींना किमान उंची १५० सेंटिमीटर आणि मुलांना १६५ लागते, अनुसूचित जमातींना त्यात सवलत आहे. मुख्य परीक्षा मराठीतून देता येते, मुलाखतही मराठीतून देता येते, आणि वैकल्पिक विषय म्हणून मराठी साहित्य किंवा कोकणी साहित्य घेता येतं. निवड झाली की मसुरीला पायाभूत अभ्यासक्रम, मग हैदराबादची सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमी, मग एखाद्या जिल्ह्यात प्रत्यक्ष काम. सुरुवातीचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५६,१०० रुपये. पहिल्या काही वर्षांत उपविभाग, मग जिल्ह्याचा अधीक्षक किंवा शहरात उपायुक्त, चौदा वर्षांच्या आसपास उपमहानिरीक्षक, अठरा वर्षांनी महानिरीक्षक, पंचवीस वर्षांनी महानिरीक्षकाच्याही वरचा, म्हणजे अपर महासंचालकाचा दर्जा. मुंबईचं आयुक्तपद याच शेवटच्या टप्प्यावर, कधी अपर महासंचालक तर कधी महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याला मिळतं. म्हणजे आज एकवीस वर्षांची असलेली मुलगी सगळं नीट जुळून आलं तर पन्नाशी ओलांडल्यावर तिथे पोहोचेल.

गोव्याच्या घराण्यातला माणूस तिथे पोहोचल्याचं उदाहरण सांगायचं तर ज्युलिओ रिबेरो. जन्म मुंबईचा, मूळ गोव्याचं. १९५३ च्या तुकडीतले, महाराष्ट्र केडर. फेब्रुवारी १९८२ मध्ये मुंबईचे आयुक्त झाले तेव्हा वय बावन्न. सहा महिनेही झाले नसतील तोच, ऑगस्टमध्ये, मुंबईच्या पोलीस शिपायांनीच बंड केलं आणि शहरात जाळपोळ झाली. स्वतःचंच दल रस्त्यावर उतरलेलं, अशा वेळी शहर सांभाळायचं, ही वेळ किती आयुक्तांवर आली असेल? पुढे ते पंजाबचे महासंचालक झाले. दर्जाने ती त्यांच्यासाठी खालची जागा होती, तरी गेले. ३ ऑक्टोबर १९८६ ला जालंधरच्या पोलीस आवारात पोलिसांच्या वेशात आलेल्या अतिरेक्यांनी गोळीबार केला, त्यात ते आणि त्यांची पत्नी जखमी झाली. निवृत्तीनंतर रुमानियात राजदूत असताना, १९९१ मध्ये, बुखारेस्टच्या रस्त्यावर पुन्हा हल्ला. माझ्या पिढीच्या गोव्यातल्या पोलिसांना हे नाव घरातल्या माणसासारखं वाटायचं. हा माणूस दिलेल्या जागी गेला आणि उभा राहिला, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

गोव्यात आयुक्त का नाही, हेही थोडक्यात सांगतो, कारण त्यातून या पदाचं बळ कळतं. आपल्याकडे दलाचा प्रमुख महासंचालक आणि जिल्ह्याला अधीक्षक. जमावबंदीचा हुकूम काढायचा तर तो जिल्हाधिकारी काढतात. सराईत गुंडाला तडीपार करायचं तर आम्ही प्रस्ताव तयार करायचा, जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा, सुनावणी व्हायची, आणि तोवर तो गुंड मार्केटमध्ये आमच्यासमोरून फिरायचा. आयुक्तालयात हे दंडाधिकाऱ्याचे अधिकार पोलीस आयुक्ताकडे असतात. जमावबंदी, तडीपारी, चांगल्या वर्तणुकीचे बाँड, मिरवणुकांच्या परवानग्या, बरेचसे परवाने, हे सगळं पोलिसांच्याच हातात. मुंबईला ही पद्धत इंग्रजांच्या काळापासून आहे, १८६४ मध्ये फ्रँक साउटर पहिले आयुक्त झाले. पुणे आणि नागपूरला १९६५ मध्ये आयुक्तालयं आली. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या घरात होती आणि मुंबईची सव्वा कोटीच्या घरात. आकाराचा फरक एवढा, म्हणून पद्धतीचाही. कोणी म्हणेल गोव्यातही आयुक्तालय हवं. मला तसं वाटत नाही. प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर पडून राहायचा तेव्हा मीही वैतागायचो, पण आमच्या कागदावर पोलिसांबाहेरची एक नजर पडते हे लहान राज्यात बरं असतं. मुंबईच्या आयुक्ताकडे दोन्ही टोपल्या एकाच डोक्यावर असतात. म्हणूनच तिथे कोणाला बसवलं जातं याला एवढं महत्त्व आहे.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. मला खरं बोलायचं आहे ते यावरच.

टीव्हीवर आयुक्त दिसतो तो पत्रकार परिषदेत. मोठा गुन्हा उघडकीला आला, मागे आरोपी बुरखा घालून उभे, टेबलावर जप्त केलेला मुद्देमाल. मुलांना वाटतं हेच काम. आयुक्ताचं सगळ्यांत मोठं काम मात्र कॅमेऱ्यासमोर होतच नाही. ते काम म्हणजे कुठल्या पोलीस ठाण्यावर कोणाला बसवायचं हे ठरवणं. मुंबईत नव्वदहून अधिक पोलीस ठाणी आहेत, मनुष्यबळ चाळीस हजारांवर. सव्वा कोटी लोकांपैकी आयुक्ताला भेटणार किती? घरात मार खाल्लेली बाई, फसवला गेलेला म्हातारा, मोबाईल चोरीला गेलेलं पोर, हे सगळे ठाण्यातल्या ठाणे अंमलदाराला भेटतात. तो तक्रार लिहून घेतो की "उद्या या" म्हणतो, हे त्याच्या वरिष्ठ निरीक्षकावर अवलंबून. आणि तो वरिष्ठ निरीक्षक तिथे कशामुळे बसला, हे आयुक्तावर अवलंबून.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. ठाण्याचं नाव घेत नाही. एका किनारी ठाण्यावर मी निरीक्षक होतो. रात्री दहानंतर मोठ्याने संगीत वाजवायला कायद्याने बंदी आहे, हे सगळ्यांना माहीत. तरी वाड्यावरचे लोक रोज फोन करायचे, बारावीच्या परीक्षा तोंडावर, घरात आजारी माणसं. मी एका मोठ्या जागेवरचं संगीत तीन आठवड्यांत चार वेळा बंद केलं, यंत्रसामग्री जप्त केली, पंचनामे केले, प्रकरण कोर्टात पाठवलं. त्या ठाण्यावर मला सात महिने झाले होते. एका रात्री पावणेअकराला वायरलेसवर संदेश आला, उद्या सकाळी कार्यभार सोपवून मुख्यालयात हजर व्हा. कारण लिहिलेलं नव्हतं. मी गेलो. मला पुढे आणखी ठाणी मिळाली, माझं फारसं बिघडलं नाही. पण मला नंतर कळलं की माझ्या जाण्यानंतर त्या ठाण्यात आवाजाची तक्रार आली तर रात्रपाळीचा हवालदार फोन घ्यायचा, "पाहतो" म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. कोणी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. माझ्या एका बदलीने ठाण्यातल्या सगळ्या माणसांना काय करायचं आणि काय करायचं नाही ते शिकवलं होतं.

बदली हा कागद नसतो, तो दलाला दिलेला धडा असतो. प्रमुख जेव्हा एखाद्या निरीक्षकाला काम केल्यामुळे हलवू देतो, तेव्हा त्याची शंभर भाषणं वाया जातात. आणि जो प्रमुख फोन आल्यावर "हा माणूस तिथेच राहील" एवढं म्हणतो, त्याच्या दलातला शिपाईसुद्धा ताठ उभा राहतो. तुमच्या मुलीने एवढं एक समजून घेतलं तर तिला पदाचं मर्म कळलं असं मी म्हणेन.

सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंह प्रकरणात हेच ओळखून निकाल दिला. महासंचालकाला किमान दोन वर्षं, परिक्षेत्र, जिल्हा आणि ठाणं सांभाळणाऱ्यांनाही किमान दोन वर्षं, आणि बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ. कागदावर हे सगळं उत्तम आहे. प्रत्यक्षात मुंबईचंच बघा. फेब्रुवारी २०१४ ते जून २०२२ या साडेआठ वर्षांहूनही कमी काळात राकेश मारिया, अहमद जावेद, दत्ता पडसलगीकर, सुबोध जयस्वाल, संजय बर्वे, परमबीर सिंह, हेमंत नगराळे आणि संजय पांडे असे आठ आयुक्त झाले. सरासरी काढली तर एकेकाला वर्षभर. सप्टेंबर २०१५ मध्ये तर एका गाजलेल्या खुनाचा तपास ऐन भरात असताना आयुक्तांना बढती देऊन त्या खुर्चीतून हलवलं गेलं. एका वर्षात माणसाला नव्वद ठाण्यांचे निरीक्षक नीट ओळखूसुद्धा येत नाहीत. मग तो कोणाला कुठे बसवायचं हे कशाच्या आधारावर ठरवणार? दुसऱ्यांच्या शिफारशीवर. आणि शिफारस कोण करतं, हे आपल्याकडे सांगायला नको.

म्हणून ज्याला पुढे आयुक्त व्हायचं आहे त्याने पहिल्या दहा वर्षांत ठाणं आतून ओळखावं लागतं. नंतर ते जमत नाही. आमच्या म्हापसा उपविभागात एक तरुण आयपीएस अधिकारी आले होते, उत्तरेकडचे. कोकणी येत नव्हती, मराठीही नाही. तीन महिन्यांत दोन्ही कामापुरत्या शिकले. त्यांची एक सवय होती. रात्री अचानक एखाद्या ठाण्यावर यायचे, चहा मागवायचे आणि स्टेशन डायरी उघडून बसायचे. एका रात्री त्यांनी मला दाखवलं, आदल्या दिवशी दुपारी अडीच ते पावणेपाच डायरीत एकही नोंद नाही. भर दुपारी, एवढ्या गर्दीच्या ठाण्यात? चौकशी केल्यावर निघालं की त्या वेळेत एक बाई नवऱ्याविरुद्ध तक्रार घेऊन आली होती आणि "घरचा मामला आहे" म्हणून तिला परत पाठवलं होतं. नोंद केली असती तर गुन्हा दाखल करावा लागला असता, म्हणून डायरीच कोरी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः त्या बाईच्या घरी गेले, तिला ठाण्यावर आणलं, गुन्हा नोंदवला. ठाणे अंमलदारावर चारचौघांत ओरडले नाहीत. केबिनमध्ये बोलावून डायरीचं ते पान त्याच्यासमोर ठेवलं आणि तो स्वतः बोलेपर्यंत गप्प बसले. मी तेव्हा नोकरीत बरीच वर्षं काढलेली होती, पण डायरीत जे लिहिलेलं नाही ते वाचायचं असतं हे मला त्या तीस वर्षांच्याही नसलेल्या मुलाने शिकवलं. पुढे ते मोठ्या शहरात वरच्या पदावर गेले तेव्हा मला नवल वाटलं नाही.

भाषेचं महत्त्वही यातच येतं. १८५७ मध्ये मुंबई शांत राहिली याचं श्रेय चार्ल्स फोर्जेट या पोलीस अधिकाऱ्याला देतात. तो इथलीच भाषा इथल्या माणसासारखी बोलायचा आणि वेश पालटून बाजारांत फिरायचा. आता वेश पालटायचे दिवस नाहीत. पण शिपाई आपसांत काय बोलतात ते कळणारा अधिकारी आणि न कळणारा अधिकारी यांत आजही तेवढंच अंतर आहे. गोव्याच्या मुलीला मराठी, कोकणी, हिंदी आणि इंग्रजी या चारही भाषा घरबसल्या मिळालेल्या असतात. हे भांडवल लहान समजू नका.

गर्दी हा दुसरा मोठा विषय. शहराच्या पोलीस प्रमुखाची झोप गुन्हेगारांपेक्षा गर्दीने जास्त उडते. मुंबईत अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, ३१ डिसेंबरला मरिन ड्राइव्ह. आपल्याकडे जुन्या गोव्यातलं शवप्रदर्शन, कार्निव्हल, शिगमो, जत्रा. मे २०२५ मध्ये शिरगावच्या लईराईच्या जत्रेत पहाटे चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे जीव गेले. मी तेव्हा निवृत्त होतो. शिरगाव आमच्या डिचोली तालुक्यातलं, त्या वाटा मी बंदोबस्तात शेकडो वेळा चाललोय. त्या दिवशी मला घरात बसवेना. बंदोबस्ताचं शास्त्र म्हणजे माणसांना अडवणं नाही, माणसं येणार किती, चिंचोळी वाट कुठे, उतार कुठे, परत जायचा रस्ता वेगळा आहे का, हे चार दिवस आधी पायी चालून पाहणं. नकाशावर उतार कळत नाही. ११ ऑगस्ट २०१२ ला मुंबईच्या आझाद मैदानाजवळ जमाव बिथरला तेव्हा त्या वेळचे आयुक्त अरुप पटनाईक स्वतः तिथे गेले आणि जमावाला शांत केलं. दोघांचा जीव गेला, पोलीस आणि वार्ताहर जखमी झाले. पोलिसांनी अधिक बळ वापरायला हवं होतं, अशी टीका झाली आणि थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली. त्या घटनेवर दोन मतं आहेत. माझं मत असं की अशा क्षणी कमी गोळ्या झाडण्याचा निर्णय घेणं हे जास्त कठीण असतं, आणि तो निर्णय घेणाऱ्याने पदाची किंमत मोजायची तयारी ठेवावी लागते.

खालच्या माणसांकडे कसं पाहायचं, याचं मला आवडणारं उदाहरणही मुंबईचंच आहे. शिपायाची पाळी बारा-बारा तासांची, बंदोबस्त असला की त्याहून जास्त. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने आठ तासांच्या पाळीची आखणी करून मांडली, माणसं वाढवल्याशिवाय ती कशी बसवता येईल यासकट. त्या वेळचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती फाइलमध्ये ठेवली नाही. आधी देवनारला करून पाहिली आणि पुढच्या वर्षी शहरभर लागू केली. शिपायाचा कागद आयुक्तापर्यंत पोहोचला, आणि आयुक्ताने तो वाचला. एवढ्या मोठ्या दलात या दोन्ही गोष्टी घडायला त्या खुर्चीत ऐकणारा माणूस लागतो.

मुलगी म्हणून काही वेगळं आहे का, हे तुम्ही स्पष्ट विचारलं नाहीत, पण मनात असणारच. २००६ मध्ये लतिका सरन चेन्नईच्या आयुक्त झाल्या. पुण्यात मीरा बोरवणकर २०१० ते २०१२ आणि नंतर रश्मी शुक्ला आयुक्त होत्या. शुक्ला जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. किरण बेदी १९८३ मध्ये आपल्या गोव्यात वाहतूक सांभाळायला होत्या, राष्ट्रकुल प्रमुखांचा मुक्काम इथे होता त्या वेळी. २००७ मध्ये ज्येष्ठता असूनही दिल्लीचं आयुक्तपद त्यांना मिळालं नाही. मुंबईच्या आयुक्तांच्या यादीत आजवर एकाही बाईचं नाव नाही. म्हणजे तुमची मुलगी जे म्हणते आहे ते कोणीच करून दाखवलेलं नाही. हे मी तिला घाबरवायला सांगत नाही, तिला ठाऊक असावं म्हणून सांगतो.

घरच्या आयुष्याबद्दल. चतुर्थीला मी छत्तीस वर्षांत मोजून पाच वेळा घरी होतो. मुलीच्या शाळेतलं एकही स्नेहसंमेलन पूर्ण पाहिलं नाही. माझी बायको म्हणायची, तुम्ही घरी असता तेव्हाही तुमचे कान फोनकडे असतात. हे लहान राज्यातल्या निरीक्षकाचं. आयुक्ताचा फोन तर कधीच बंद होत नाही. यावर उपाय मला सापडला नाही, आणि सापडल्याचं सांगणारे अधिकारी मला भेटले नाहीत. तुमच्या मुलीशी लग्न करणाऱ्याला आणि तुम्हालाही याची तयारी ठेवावी लागेल.

आता लगेच काय करावं, तर परीक्षेचा अभ्यास ती करेलच, त्याचे मार्गदर्शक पुष्कळ आहेत. मी एकच जादा काम सुचवतो. न्यायालयाचं कामकाज कोणालाही बसून पाहता येतं. फोंड्याच्या न्यायालयात महिन्यातून एक दिवस तिला मागच्या बाकावर बसू द्या. फौजदारी खटला चालू असेल तिथे. तपास अधिकारी साक्षीला उभा राहतो, बचावाचा वकील त्याला विचारतो की पंचनामा किती वाजता सुरू झाला, पंच कुठून आणले, जप्त केलेली वस्तू सील केली तेव्हा लाखेवर कोणाची मोहोर होती. त्या वेळी अधिकाऱ्याच्या चेहऱ्याकडे आणि त्याच्या हातातल्या कागदाकडे तिने लक्ष द्यावं. ज्याने ते काम त्या दिवशी, त्या जागी, खरोखर केलेलं असतं तो कागदाकडे न बघता उत्तर देतो. चार-पाच खटले पाहून झाले की तिला डिचोलीला माझ्याकडे घेऊन या, रविवारी सकाळी. तिने काय पाहिलं ते मला तिच्याकडून ऐकायचं आहे.